क्यूबिट, कोहळा आणि कंपमापक

हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत एक फ्रीज आहे. तो अंतराळापेक्षा थंड आहे. माझ्या आयुष्यातली ही एकमेव गोष्ट मी फुगवून सांगत नाही. त्याच्या पोटात नखाएवढी चिप, आणि चिपवर क्यूबिट: एकाच वेळी शून्यही आणि एकही असणारा, जगातला सगळ्यात हळवा जीव. बाहेरचा जरासा धक्का, विजेची जराशी गुणगुण पोचली, की त्याची सुसंगती मोडते आणि काय धरून ठेवलं होतं ते तो विसरतो. आपली पापणी लवेपर्यंत त्याचे हजारो जन्म होतात. माझ्या प्रबंधाला त्याचं आयुष्य फक्त दुप्पट हवं होतं.

ते होईना. दरम्यान बायकोची बदली पुण्याला झाली. लेकीला घेऊन निघताना म्हणाली, "तुझा तो शहाणा शांत झाला की ये." तेव्हापासून मी एकटा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकमधून हेब्बाळ गाठत होतो. घरून निघताना केलेली दाढी पोचेपर्यंत परत वाढलेली असे.

मी आवाजाच्या मागे लागलो. लिफ्टवर संशय घेतला, मेट्रोच्या खोदकामावर घेतला, फ्लायओव्हरवर कुणी शिंकलं तरी माझा आलेख घसरतो असं छातीठोक सांगू लागलो. फाटकापाशी शहाळी विकणाऱ्यालाही जाऊन विनवलं, "अण्णा, कोयता स्वल्प हळू."

तो म्हणाला, "सर, मंत्र म्हणून उघडू का?"

फ्रीजच्या सांगाड्याला तर पहिल्या दिवसापासूनच एक कंपमापक चिकटवलेला होता. कुठला आवाज कधी येतो ते त्याने सतत टिपायचं. त्याने इमानाने सगळं टिपलं, आणि क्यूबिट होता तसाच मरत राहिला. मी इतका थकलो होतो की मीटिंगमध्ये उभ्या उभ्या डुलक्या काढायचो, वर मान हलवत असल्यामुळे सगळ्यांना पटल्यासारखा दिसायचो.

मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. आमच्या मॅडम, माझ्या मार्गदर्शक, इथल्या जुन्या मराठी घरातल्या. त्या दिवशी त्यांच्यापुढे विज्ञानाचंही चालत नाही.

"सगळं बंद कर रे. यंत्रांनापण सुट्टी."

"मॅडम, फ्रीज बंद केला तर परत थंड व्हायला कितीतरी दिवस जातील."

"सरी, ठीक आहे, फ्रीज आणि क्यूबिटची मोजणी तेवढी राहू दे. बाकी सगळ्यांना कुंकू."

मग कंपमापकाचा प्लग काढला, त्यालाही झेंडू वाहिला. दृष्ट काढायला फाटकाशी कोहळा फुटला, चुरमुरे वाटले, सगळे घरी गेले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर पडद्यावरचा आलेख ओळखूच येईना. क्यूबिट दुपटीहून जास्त टिकला होता! मॅडमना हाका मारल्या आणि एकेक यंत्र सुरू करू लागलो. लिफ्ट, एसी, पंखे: त्याला ढिम्म फरक पडला नाही. कंपमापकाचा प्लग लावला, आणि आलेख धाडकन खाली.

काढला, वर. लावला, खाली.

त्याच्या स्वस्त अडॅप्टरमधून विजेची गुणगुण सांगाड्यात उतरत होती. आवाज पकडायला लावलेलं यंत्रच क्यूबिटच्या कानाशी गुणगुणत बसलं होतं, आणि मी शहाळीवाल्याशी भांडत होतो.

मॅडम हसत हसत स्टुलावर बसल्या. "अय्यो, पण ते लावायची कल्पना माझीच होती की रे!"

मला हसायचंही त्राण नव्हतं. बायकोला फोन लावला.

"झाला शांत."

ती म्हणाली, "खरं? की तुझं नेहमीचं?"

"मॅडमना विचार."

"मग ये. पण आधीच सांगते, शेजारी बिल्डिंग पाडतायत. दिवसभर ड्रिल चालतं, आणि तुझी लेक त्याच्याशी स्पर्धा करते."

मागे खरंच काहीतरी बडवलं जात होतं. बहुतेक पातेलं.

"चालू दे," मी म्हणालो, आणि फोन कानाशी धरून भिंतीला टेकलो.