मासा कोरलेलं घर

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात इस्रायलमधल्या डिमोनाच्या कापड कारखान्याने मला नवे माग शिकायला आठवडाभर जर्मनीतल्या एका शहरात पाठवलं. इकडे येण्याआधी मुंबईच्या गिरणीत मी फिटर होतो, म्हणून निवड माझी झाली. आईने ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती बाहेर आली.

"आपल्या ज्यूंना मारलं त्या लोकांच्या गावात जातोस? तिथलं पाणी तरी घशाखाली उतरंल काय तुझ्या?"

"मशीन शिकायला जातोय, सोयरीक करायला नाही," मी चिडून म्हणालो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहायची. ती त्याच शहरातली. तरुणपणी ती इकडे निघून आली, तिची आई मागे राहिली आणि युद्धात नाझींनी आईला राहत्या घरातून नेलं ते कायमचंच. बाई आणि मी दोघंही मोडक्या हिब्रूत बोलायचो, त्यामुळे आमचं छान जमायचं. जायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं.

"मुलगा म्हणतो, एकदा तुला तिकडे नेऊन आणतो. आमचं घर उभं असेल तरच मी जाईन. नसेल तर विषय संपला. तू बघून ये. नगरपालिकेच्या घड्याळाकडे पाठ कर आणि नदीकडची गल्ली धर. दारावर दगडात मासा कोरलाय."

रविवारी तिथला कारखाना बंद होता. तिथल्या एका कारकुनाने मला हौसेने शहर दाखवलं. उंच शिखराचं चर्च, दगडी संतांच्या रांगा, चौकात उतरत्या छपरांची घरं, चर्चमधून ऐकू येणारा ऑर्गन. सगळं सुंदर होतं आणि ते सुंदर आहे याचाच मला राग येत होता. पन्नाशीचा कोणी समोरून आला की हा तेव्हा काय करत असेल, एवढंच मनात यायचं.

कारकुनाला घेऊन मी नदीकडच्या गल्लीत शिरलो. मासा सापडला. घर उभं होतं. खाली काचसामानाचं दुकान, वर खिडक्यांत लाल फुलं. मला भरून आलं. आम्ही मुंबईचे ज्यू घरातल्या वडीलधाऱ्यांना भेटताना करतो तसा मी त्या भिंतीला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली.

कारकून खूश झाला. इंग्रजीत म्हणाला, "हुबेहूब झालंय ना? बॉम्बहल्ल्यात ही अख्खी गल्ली जळून गेली होती. जुने फोटो बघून सगळं पुन्हा बांधलं. हे तर आत्ताआत्ताच पुरं झालं."

मग मी नीट पाहिलं. दगडाच्या कडा धारदार होत्या, लाकडाला कुठे चीर नव्हती. माझी बोटं अजून ओठांपाशीच होती. ती मी पँटला पुसली.

परतीच्या वाटेवर एकच घोर होता, बाईला काय सांगायचं? घर आहे म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. बस डिमोनात शिरली तरी माझं काही ठरलं नव्हतं. शेवटी तिच्यासमोर बसलो आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

तिने मध्ये एकदाच विचारलं, "वर कोणी राहतं?"

"राहतात. खिडकीत फुलं होती."

मला वाटलं, निदान तसंच दिसणारं घर आहे म्हणून ती जाईल. मी तसं म्हणूनही पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पडकं असतं तर गेले असते, हे मला आज कळलं. तिथे बसून रडले असते. आता त्या दारात उभी राहून कोणाला सांगू, की इथून माझ्या आईला नेलं? लोक म्हणतील, बाई, हे घर तर नवीन आहे."