पकडीच्या अक्का

"पकड शिकवणारी बाई चढाई काय शिकवणार?"

हा प्रश्न त्या हिवाळ्यात मी शाळेच्या व्हरांड्यात ऐकला, दूध संकलन केंद्रावर ऐकला, एकदा तर एसटीत माझ्या मागच्या बाकावर दोन अनोळखी माणसं तावातावाने बोलत होती तेव्हाही ऐकला. ती बाई म्हणजे आमच्या अक्का. प्रश्न होता जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण होणार याचा.

मी तेव्हा बारावीत होते आणि उजव्या कोपऱ्यात खेळत होते. आमचं गाव तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध. शाळेमागे मातीचं मैदान होतं आणि मैदानाला लागून बेदाण्याचं शेड. हंगामात गंधकाच्या धुराचा वास इतका यायचा की चढाईचा दम धरताना ठसका लागायचा. त्या मैदानावर आम्हाला शिकवणारी माणसं दोन. चढाई शिकवायचे सर. ते शाळेचे क्रीडाशिक्षक आणि तरुणपणी नावाजलेले चढाईपटू. पकड शिकवायच्या अक्का.

अक्का गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. माहेर जतच्या पुढचं, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून कानडी शब्द यायचा. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. लग्नाआधी त्या माहेरच्या शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळलेल्या. सर आणि त्यांचा नवरा बालपणीचे दोस्त. सरांनीच एकदा विचारलं, "वहिनी, पोरींना जरा पकडीचं दाखवता का? माझं ते अंग न्हाई." तेव्हापासून रोज पाच वाजता अंगणवाडीला कुलूप लावून त्या थेट मैदानावर यायच्या. पदर कमरेला घट्ट खोचायचा, निऱ्या जरा वर घ्यायच्या आणि म्हणायचं, "ये गं, पळ माझ्या अंगावरनं." पळणारी पोरगी दुसऱ्या क्षणाला मातीत असायची आणि तिचा घोटा अक्कांच्या हातात.

त्या येण्याआधी आमचा संघ म्हणजे फुटकी घागर. सरांच्या तालमीतल्या मुली पाच गुण आणायच्या आणि आम्ही बचावातल्या आठ घालवायचो. अक्कांनी पहिला महिनाभर आम्हाला पकड शिकवलीच नाही, नुसतं उभं राहायला शिकवलं. हात धरून साखळीत सरकायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं. जोड्या त्यांनी स्वतः लावल्या. आमचं घर विहाराजवळच्या वस्तीत होतं, आणि त्यांनी माझा हात दिला वरच्या आळीतल्या मुलीच्या हातात. ती क्षणभर घुटमळली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "हात सुटला की गुण जातो. कुणाचा हात कुणाच्या हातात हाय त्याचा इचार घरी जाऊन कर. हितं धर." तिने धरला. पुढे दोन वर्षं सामन्यात तो हात कधी सुटला नाही, आणि ती मुलगी आजही माझ्या घरी हक्काने येते.

त्यांचं दुसरं सांगणं असं, की समोरची चढाई करणारी रिकाम्या हाताने परत गेली तर अर्धा गुण आपलाच समजायचा. प्रेक्षकांना हे पटायचं नाही. "धरा की गं, काय बगत बसलाय," असं बाहेरून ओरडणं चालूच असायचं. अक्का म्हणायच्या, "येताना धरू नका. येणारीचं समदं ध्यान तुमच्यावर असतं. जाताना तिचं ध्यान रेषेवर जातं. तवा धरायची." एवढं जमायला आम्हाला वर्ष लागलं. त्यानंतर मात्र तालुक्यातले संघ आमच्याविरुद्ध नाणेफेक हरले तरी चिडायचे.

एवढं होऊनही हारतुरे सरांच्याच गळ्यात पडायचे. सर चांगले होते. ते हार काढून अक्कांकडे बोट दाखवायचे, पण फोटो काढणारा तोवर निघून गेलेला असायचा.

मग दिवाळीनंतर सरांची बदली झाली, थेट शिरवळला. म्हणजे जिल्हाच बदलला. जिल्ह्याच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होणार हे सगळे धरून चालले होते. आता ती जागा मोकळी झाली. सांगलीतल्या दोघा जुन्या चढाईपटूंची नावं पुढे आली. सरांनी जाताना अक्कांचं नाव लिहून दिलं होतं. त्यावर संघटनेतल्या लोकांचं म्हणणं एकच: पकडीपुरतं ठीक आहे, त्यांना सहायक करू.

अक्का याबद्दल आमच्यापाशी कधी बोलल्या नाहीत. फक्त एकदा साखळी लावता लावता म्हणाल्या, "सहायक म्हणून धा वर्सं जातील, मग गुडघे जातील." आणि लगेच, "सरळ उभी ऱ्हा गं." त्यांना ती जागा किती हवी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

संघटनेतले सगळ्यात जाणते सभासद म्हणजे आबा. पांढरा सदरा, टोपी, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली तर शेडमधल्या बायका वळून बघायच्या. त्यांनी तोड काढली. जानेवारीत कराडजवळ मलकापूरला सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या संघांची स्पर्धा होती. आबा म्हणाले, "तिथं संघ घेऊन जाऊ द्या तिला. एकटीनं. मग ठरवू." एकटीनं म्हणाले खरं, पण मुलींना घेऊन बाई एकटी कशी जाणार म्हणून संघ व्यवस्थापक म्हणून स्वतःच बरोबर निघाले.

स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते. आमच्या संघात चढाई करणारी खरी एकच, उंच, लांब पायांची, सरांची लाडकी. सर गेल्यापासून ती उदासच होती. अक्कांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "उद्यापासनं तू कोपऱ्यात उभी ऱ्हायचं."

"मी? चढाई कवा करायची मग?"

"शेवटच्या चार दिवसांत."

तिला रडूच आलं. घरी जाऊन तिने सांगितलं आणि तिचे वडील मोटारसायकलवरून मैदानावर आले. "आवं अक्का, पोरगीला शिक्षा कशापायी?"

"शिक्षा न्हाई, दादा. आजवर ती कोपऱ्याला भिऊन पळाली. आता कोपरा कशाला भितो ते तिला बगू द्या."

वडिलांना काही उमगलं नाही, पण फौजीच्या बायकोशी कोण वाद घालणार असं काहीतरी पुटपुटत ते गेले. मुलगी कोपऱ्यात उभी राहिली. पहिला आठवडा रुसून, दुसरा निमूटपणे. तिसऱ्या आठवड्यात ती मला चूळ भरता भरता म्हणाली, "तू झेप घ्यायच्या आधी दरवेळी डावी टाच टेकवतीस. माहिताय का तुला?" मला माहीत नव्हतं. अक्कांना माहीत होतं. माझी ती सवय मोडायला मग मला चार दिवस लागले.

मलकापूरला आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो त्यात बचावाचा वाटा मोठा होता, पण तेवढं सांगून उपयोग नव्हता. आबा प्रत्येक सामन्यानंतर मान हलवून म्हणत होते, "पकड झकास. चढाईचं बगूया." अंतिम सामना साताऱ्याकडच्या तगड्या संघाशी. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. पहिल्या डावात आम्ही पाच गुणांनी मागे पडलो. त्यांच्या डाव्या कोपऱ्याने आमच्या उंच मुलीला दोनदा आडवं केलं. मीही गर्दीच्या ओरड्याला भुलून एकदा समोरून झेप घेतली आणि गुण देऊन बसले.

मध्यंतरात आम्ही अक्कांभोवती बसलो. त्या मला काहीच बोलल्या नाहीत असं नाही. "लोकांनी टाळ्या दिल्या का?" असं विचारलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी उंच मुलीकडे पाहिलं. "काय दिसलं तुला?"

ती धापा टाकत होती. "त्यांची डाव्या कोपऱ्यातली मी आत गेले की पुढं झुकती. पण मी पाय मागं घेतला की लगीच टाचेवर जाती. दम खाती."

"मग?"

"मग तवाच परत आत जायला पायजे."

"मग मला काय इचारतीस? जा की."

अक्का एवढंच बोलल्या. आबा शेजारी उभे होते, त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शिट्टी झाली.

दुसऱ्या डावात त्या मुलीने जे केलं ते मी उजव्या कोपऱ्यातून डोळे भरून पाहिलं. ती आत जायची, पाय मागे घ्यायची, परत निघाल्यासारखी वळायची आणि समोरची दम खाते तोच पुन्हा आत. एकदा डावा कोपरा टिपला, एकदा दोघींना. आमची साखळी मागे भक्कम उभी होती. त्यांच्या चढाया रिकाम्या परत जात होत्या आणि त्यांच्या बाकावर कुरबुर सुरू झाली. बरोबरी झाली, मग आम्ही लोण चढवला, पुढे दोन्ही संघ वरखाली होत राहिले, आणि शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो.

आमची उंच मुलगी चढाईला गेली. तिला फक्त वेळ काढून परत यायचं होतं. एवढ्यात आमच्या बाकावरून तो आवाज आला, शेडमधल्या बायका वळतात तो.

"बोनस घे गं पोरी, बोनस!"

पंचांची शिट्टी वाजली. चढाई करणारीला तिच्याच बाजूच्या माणसाने सूचना द्यायची नसते. दिली तर समोरच्यांना गुण मिळतो. हा नियम आबांनी स्वतः आम्हा सगळ्यांना किती वेळा ऐकवला असेल. पंचांनी हात समोरच्या संघाच्या बाजूला केला. बरोबरी.

मी बाकाकडे पाहिलं. आबा टोपी हातात घेऊन उभे होते. अक्का बसलेल्या होत्या, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. आबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला भीती अजिबात दिसली नाही. आपण शिकवायचं ते शिकवून झालं आहे, अशा नजरेने त्या बघत होत्या.

समोरच्यांची सगळ्यात चांगली चढाईपटू आली. आम्ही चौघीच आत उरलो होतो. माझ्या बाजूला वरच्या आळीतली ती मुलगी माझा हात धरून होती. चढाईवाली माझ्याकडे झेपावली, मी मागे सरकले. तिने पाय टाकला, मी आणखी मागे. सगळं मैदान "धर, धर" करत होतं. माझ्या पायाखाली शेवटची रेषा आली. तिचा दम संपत आला होता आणि तिला ते कळलं. तिने मान वळवून मधल्या रेषेकडे पाहिलं.

मी घोटा धरला. माझ्या जोडीदारणीने कंबर धरली. तिसरी आमच्या अंगावर येऊन पडली. मातीत तोंड घुसलेलं असताना मला शिट्टी ऐकू आली. पुढची आमची चढाई नुसती वेळ काढून परत आली आणि सामना संपला.

संध्याकाळी कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत आम्ही चहा घेत होतो. ढाल उंच मुलीच्या मांडीवर होती. आबा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "पोरींनो, आज तोंड मी उघडलं आणि गुण गेला. ही बाई आक्खा सामना गप बसली आणि ढाल आली."

अक्का म्हणाल्या, "आबा, चहा गार व्हतोय."

"व्हऊ दे. बैठकीत मी हेच सांगणार हाय. माझ्या तोंडानं सांगितलेलं बरं."

आणि त्यांनी सांगितलं. बैठक सांगलीत झाली. कुणीतरी पुन्हा तोच प्रश्न काढला तेव्हा आबा म्हणाले म्हणे, "ज्या पोरीनं त्या डावात सामना फिरवला तिला तीन आठवडे कोपऱ्यात उभं केलं होतं. हे तुमच्यातल्या कुणाला सुचलं असतं? मला न्हाई सुचलं." हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, थोडी फोडणी घालून.

निरोप घेऊन ते अंगणवाडीत गेले तेव्हा मी तिथेच होते. अक्का मुलांना उसळ वाढत होत्या. आबा दारातून म्हणाले, "मुख्य प्रशिक्षक तुमीच. एकमतानं." अक्कांनी हातातली वाटी पूर्ण भरून पोराला दिली, हात पुसले आणि विचारलं, "सहायक कोण?"

"तुमी म्हणाल तो."

"शिरवळला सरांना कळवा. चढाईला त्यांच्याशिवाय मला दुसरा माणूस नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर ठेवू, तवा त्यांची शाळा बंद असती."

आबा हसत सुटले. "आवं, ते तुमच्या हाताखाली येतील?"

"तुमी इचारा तर."

पुढच्या वर्षी मी सांगलीच्या महाविद्यालयात गेले. माझ्या घरातली पदवी घेणारी मी पहिली. प्रवेशाच्या वेळी जिल्हा संघाचं प्रमाणपत्र माझ्या कामाला आलं आणि वसतिगृहातली जागा त्याच्यामुळे मिळाली. त्या प्रमाणपत्रावर मुख्य प्रशिक्षक म्हणून अक्कांची सही आहे, बाळबोध, अक्षर अन् अक्षर सुटं. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी ते प्रमाणपत्र काच लावून आणलं होतं. माझ्या पदवीच्या आधी भिंतीवर ते लागलं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात शिबिराच्या पहिल्या सकाळी सगळ्या तालुक्यांतल्या मुली रांगेत उभ्या होत्या. सर शिरवळहून पहाटेची गाडी धरून आले होते, पायात नवे बूट. ते रांगेसमोरून चालत अक्कांपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, मी आलो. काम सांगा."

अक्का लाजल्या. मी त्यांना लाजताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आवं, वहिनी म्हणा की."

"ते घरी. हितं मुख्य प्रशिक्षक."

अक्कांनी रांगेवरून नजर फिरवली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मग सर, चढाईवाल्या पोरी तुमच्या. दुपारपर्यंत शिकवा. दुपारनंतर समद्या माझ्याकडं पाठवा."

"समद्या?"

"समद्या," अक्का म्हणाल्या, आणि सर मुलींना घेऊन मैदानाच्या पलीकडच्या बाजूला निघाले.