कुवेतची पंचायत
वांगं भाजल्याचा वास आला की मला अनसिंग गावच्या मळ्यातली विहीर आठवते. विहीर थोरल्या काकांची, आमच्या पाण्याच्या पाळ्या तेच मनाला येईल तशा ठरवत. १९३९ साली कुवेतात गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी असलेला आमचा शेजारी गावी आला आणि म्हणाला, "तिथल्या लोकायनं शेखाले पंचायत नेमाले लावली." झालं, आम्हीही विहिरीसाठी पाच पंच निवडले. दुसऱ्या दिवशी मोटेचे बैल सोडता सोडता काकांनी शेजाऱ्याला विचारलं, "मंग त्या पंचायतीचं काय झालं रे?" तो बिचारा खरं बोलणारा. "सा महिन्यात मोडली शेखानं." काका म्हणाले, "मंग मी कायले इतके दिवस थांबू?" आता कुवेत म्हटलं की लोकांना तेलाच्या विहिरी आठवतात. मला काकांची आठवते, आणि तिच्या काठावर वाळून गेलेली माझी वांगी.