हा जयभीम नाही

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना जयभीम करायला लागली. निदान आमच्या घरात सगळ्यांची तशी समजूत होती. झोपेतून उठली की तिचे दोन्ही हात झटकन वर यायचे, छातीशी जुळायचे आणि मान खाली झुकायची. थोड्या सेकंदांनी परत. मग परत. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि प्रत्येक वेळी हात जोडून उत्तर द्यायचे, "जयभीम, बाई, जयभीम." त्यांनी तिचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांतून तो चेंबूर, कुर्ला करत थेट जालन्याला गावी पोचला. खाली निळ्या बदामांची रांग लागली. चेंबूरच्या आत्याबाईंनी, म्हणजे आबांच्या बहिणीने, लिहिलं की हे रक्तातच असावं लागतं.

मीही हसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

मग तिने हसणं बंद केलं. ओळखीच्या आवाजाकडे वळून बघायची, तेही थांबलं. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, दात येत असतील म्हणाले. मला वाटलं, म्हणून मी नवऱ्याला ओढत लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या डॉक्टरबाईंनी विचारलं, बाळ घरी काही वेगळं करतं का. नवरा कौतुकाने म्हणाला, "वेगळं म्हणजे, जयभीम करते ना ती," आणि त्याने फोन पुढे केला. बाईंनी व्हिडिओ पाहिला. आवाज बंद करून परत पाहिला. टेबलावर बोटाने काहीतरी मोजलं.

"हा जयभीम नाही," त्या म्हणाल्या. "हे झटके आहेत. तान्ह्या बाळांना फीट येते ती अशीही दिसते. व्हिडिओ काढलात हे फार बरं केलंत."

घरी येऊन मी आबांना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यासमोर हात जोडणं सोडलं. दारात कुणी आलं आणि जयभीम म्हणालं की आबा चप्पल घालून बाहेर जायचे आणि जिन्यात उभं राहून उत्तर द्यायचे. ज्या घरात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा यायचा त्या घरात तो ऐकू येईनासा झाला.

इंजेक्शनं झाली, गोळ्या कुटून पाजून झाल्या. झटके कमी झाले आणि पुन्हा वाढले. ती सात महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की आता आहाराचा उपचार करून बघू. त्यांनी सांगितलं ते मला पहिल्या फटक्यात कळलं नाही. बाळाला भरपूर स्निग्ध पदार्थ द्यायचे, साखर आणि पीठ जवळजवळ नाहीच. पोट भरलेलं असतं, वजन वाढत असतं, पण शरीराला वाटतं की उपास चालू आहे, आणि ते साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं. त्याने काही बाळांचे झटके थांबतात. सगळ्यांचे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काही दिवस हॉस्पिटलात राहून सुरुवात केली. डब्यातली एक खास पावडर, मोजून साय, मोजून तेल, सगळं सिरिंजने भरवायचं. आणि माझं दूध. त्यात साखर असते, म्हणून ते पिळून, वजनकाट्यावर ठेवून, सांगितलं तेवढंच द्यायचं. तिला छातीशी धरून हवं तेवढं पाजणं संपलं. त्या पहिल्या दुपारी वाटीतल्या दुधाकडे बघून मी जी रडले, तेवढी निदानाच्या दिवशीही रडले नव्हते. रडून झालं आणि मी वाटी काट्यावर ठेवली.

घरी आल्यावर सल्लागारांची वाट बघावी लागली नाही. आत्याबाई चेंबूरहून आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "लेकराला उपाशी मारायली का गं तू?" मी म्हटलं, "आत्याबाई, ती माझ्यापेक्षा जास्त तूप-तेल खाते." त्यांना पटलं नाही. शेजारची एक बाई येऊन मला विचारून गेली की पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली होती का. मी म्हटलं, हो, रोज चिरत होते, तुम्हाला पण देऊ का थोडी चिरून. मला उद्धट म्हणतात ते तेव्हापासून. म्हणू देत. तापाच्या गोड औषधातली साखरसुद्धा डॉक्टरबाईंना विचारून घ्यावी लागत होती, लोकांच्या गोड बोलण्याला माझ्याकडे जागाच नव्हती.

लंगोटात कापूस ठेवायचा, तो लघवीने ओला झाला की त्यावर एक पट्टी दाबायची. पट्टी गडद जांभळी झाली तर उपचार लागू आहे, फिकट राहिली तर कुठेतरी साखर गेली. दोन महिन्यांनी झटके विरळ झाले. मग एक दिवस एकही नाही. मग सलग सतरा दिवस नाही. ती माझ्या आवाजाकडे वळून बघायला लागली होती.

अठराव्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती.

आमच्या वस्तीतल्या विहारात त्या दिवशी खिरीचं मोठं पातेलं चढतं. कठोर उपासाने खंगलेल्या सिद्धार्थाला एका बाईने खीर दिली आणि त्याने उपास सोडला, त्याची ती आठवण. आबांनी माझ्या नवऱ्याला पहिली खीर तिथेच भरवली होती. मी पिशवीत सिरिंज आणि मोजलेलं दूध घेऊन गेले, तिला आबांच्या मांडीवर दिलं आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसले. संध्याकाळी पट्टी फिकट निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, आणि हात वर आले, जुळले, मान झुकली. मी मोजत गेले. बारा.

आबा दारात उभे होते. "दोनच बोटं चाटवली गं," ते म्हणाले. "तथागतांनीसुद्धा उपास सोडून खीर घेतली. आणि आपण या लेकराला उलटं उपासाला बसवायलो. मला राहवलं नाही."

मी त्यांच्याशी तोवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या सकाळी बोलले. "त्यांनी उपास स्वतः धरला आणि स्वतः सोडला, आबा. हिला ठरवता येत नाही, म्हणून हिच्यासाठी मी ठरवणार. तुम्ही नाही, आत्याबाई नाहीत, विहार नाही. पुन्हा तिच्या तोंडाला बोट लागलं तर मी हिला घेऊन दुसरीकडे राहायला जाईन." नवरा मध्ये "अगं" म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तू गप रे." आबा खाली मान घालून बाहेर गेले आणि जिन्यातच बसून राहिले. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी मी साय मोजत होते तर आबा मागे येऊन उभे राहिले. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होते, हे मी विसरूनच गेले होते. "वाटी ओली आहे," ते म्हणाले. "त्या पाण्याचं वजन सायीत धरलं जातंय. आधी कोरडी कर. आणि काटा शून्यावर आला का बघ." मी बाजूला झाले. तेव्हापासून काटा त्यांच्याकडे आहे. सिरिंजला चिकटलेलं तेलसुद्धा ते सायीने धुऊन काढून पुन्हा भरवतात. पट्टी खिडकीच्या उजेडात धरतात, डब्यावरच्या रंगांशी ताडून बघतात आणि मला फक्त रंग सांगतात. त्यांनी माफी मागितली नाही, मीही कधी मागायला लावली नाही. पुढे एकदा आत्याबाई पेढा घेऊन आल्या तेव्हा आबांनी तो दारातच आपल्या खिशात टाकला.

झटके थांबायला पुन्हा दोन महिने लागले. ती बसली उशिरा, अजून चालत नाही, बोलत नाही. पुढे काय होईल ते डॉक्टरबाई सांगत नाहीत आणि मी विचारणं सोडलं आहे. लोक मात्र न विचारता सांगतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ती वीस महिन्यांची झाली होती. दुपारी चटईवर वाट्या आपटत बसली होती. दार उघडं होतं, चटईवरून जिना दिसत होता. खालच्या मजल्यावरचे काका वर्गणीचं विचारायला आले आणि सवयीने म्हणाले, "जयभीम." आबा चप्पल शोधायला वळले.

तिने हातातली वाटी टाकली. हात वर आले, जुळले, मान झुकली.

मी फोन उचलला आणि व्हिडिओ सुरू केला, डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं तसा. एक. काका दारात तसेच थांबले. थोडे सेकंद गेले. परत हात जुळले, मान झुकली. दोन. मी तिच्या चेहऱ्याजवळ गेले, नजर कुठे आहे ते बघायला. नजर माझ्यावर नव्हती. ती आबांकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. दोनदा करून झालं आणि जिन्यात सगळ्यांना उत्तर देणारा म्हातारा तिला देत नव्हता.

आबा हळूहळू खाली तिच्यासमोर बसले. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांनी घरात हात जोडले. "जयभीम, बाई, जयभीम," ते म्हणाले.

ती खदखदून हसली आणि तिने परत वाटी उचलली. तिसरा आला नाही. मी बराच वेळ थांबून, मोजून खात्री केली.

तो व्हिडिओ मी आधी डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, जिथे पहिला टाकला होता तिथेच. आणि खाली लिहिलं, हा जयभीम आहे.