ऑडिटपुरतं लाकूड

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी बघायचो. मालक युरोपातून विलोच्या झाडांची शेती बघून आले. झाड तोडायचं, बुंध्यातून पुन्हा फुटू द्यायचं, लाकूड बॉयलरला. "आपल्याकडे सुबाभळीवर जमेल," ते म्हणाले आणि मी भारावून घरी गेलो. कल्याणजवळ आमची जमीन पडीक होती. वडील आधी हसले. मग स्वतः रोपं लावून तीन वर्षं त्यांनी ती जिवापाड जपली.

पहिल्या तोडीचा टेम्पो घेऊन ते धुतलेला सदरा घालून आले. आपलं लाकूड जळताना त्यांना बघायचं होतं.

गेटजवळ लाकडाची सुबक रास लागली. वर 'हरित इंधन' अशी पाटी, मीच करून घेतलेली.

"भट्टी कुठं हाय?" वडिलांनी विचारलं. सुपरवायझर चहाचं बोलू लागला. वडील सरळ शेडच्या मागे गेले, मी त्यांच्या पाठोपाठ.

तिथे चिंध्या, चपलांचं रबर, थर्माकोल आणि कचऱ्याच्या बांधलेल्या पिशव्यांचा ढीग होता. फावड्याने तेच भट्टीत जात होतं. पिशव्यांतून काळं पाणी गळत होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या. धुराचा तेलकट थर जिभेवर बसला. मी भिंतीला धरून ओकलो.

"तुमचं लाकूड ऑडिटवाल्यांना दाखवायला ठेवलंय, काका. फर्स्ट क्लास माल!" सुपरवायझर खुशीत म्हणाला.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "तुला म्हाईत व्हतं?"

"नाही."

अर्धं खोटं होतं ते. माझ्या शर्टाला तो वास रोज यायचा. रंगाचा असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्यांनी टेम्पो परत भरायला लावला. "फोटोपुरते चार ओंडके तरी ठेवा," सुपरवायझर गयावया करू लागला.

"काटकी ठेवायची नाय."

ते लाकूड त्यांनी गावच्या स्मशानाला दिलं.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. "अरे, सगळेच जाळतात," ते सँडविच चावत म्हणाले. ओठाला हिरवी चटणी लागलेली. मी मान डोलावली. मान डोलावली! दुसरीकडून लाकूड मागवून ती रास पुन्हा रचली, तीही मीच, आणि आठ महिने तिथेच पगार घेतला. आज सांगतानाही स्वतःची किळस येते.

राजीनामा दिल्याचं सांगायला शेतावर गेलो, तेव्हा वडील नवे फुटवे विरळ करत होते. कोयता न थांबवता म्हणाले, "उशीर केलास."