जलविहारावर सोडलेलं पाणी

“पाण्याला कुलूप लावायचं काम हाय माझं,” श्रीपती एकदा म्हणाला होता. संस्थेच्या दप्तरात त्याचा हुद्दा मात्र उलटा होता: पाणी सोडणारा.

मुरुमच्या बाहेर आमच्या सहकारी संस्थेनं एकोणऐंशी साली जलविहार बांधला. सिमेंटचा मोठा हौद, मधे कारंजं, आणि दोन पुरुष उंचीची घसरगुंडी. तुळजापूरहून परतणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून थांबायच्या. सकाळी नऊला श्रीपती लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून यायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि पहिली धार घसरगुंडीवरून हौदात पडेपर्यंत तिथंच उभा राहायचा.

पाणी ज्या विहिरीचं, ती बाहत्तरच्या दुष्काळी कामावर खोदलेली. खोदणाऱ्यांत श्रीपती होता, त्याची बायको चांगुणा होती, कुंपणापलीकडची सारी बौद्ध वस्ती होती. वस्तीत कुणाचंही पत्र आलं की ते वाचायला श्रीपतीकडं यायचं. सातवी पास होता.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सगळं आटलं. वस्तीला टँकर चार दिवसांतून एकदा. जलविहार फेब्रुवारीपासून कोरडा होता, पण विहिरीत अजून पाणी होतं. एप्रिलच्या बैठकीत चेअरमन नानासाहेब म्हणाले, “त्या जलविहारावर आता पाणी सोडा. विहिरीचं पाणी आपल्या द्राक्षांना घेऊ.” जलविहाराचा नाद सोडा, एवढाच त्याचा अर्थ. संस्थेचा लेखनिक मी. ठराव मी लिहिला. द्राक्षांचं वाक्य नानासाहेबांनी गाळायला लावलं. उरलं ते एवढंच: जलविहारावर पाणी सोडण्यात यावे.

चिठ्ठी मीच नेऊन दिली. श्रीपतीनं ती दोनदा वाचली, मग माझ्याकडं बघितलं.

“चेअरमनची सही हाय न्हवं?”

“आहे.”

“मग सोडतो.”

सकाळी नऊला त्यानं पंप चालू केला, व्हॉल्व्ह उघडला आणि वस्तीकडचं फाटकही उघडलं. घसरगुंडीवरून पाणी आलं. बाया घागरी घेऊन आल्या आणि हौदाच्या कडेला थबकल्या.

“तिकीट काढलं का गं बानूबाई?” चांगुणानं विचारलं.

“बाहत्तरलाच काढलंय. हाताचे घट्टे दाखवू का?”

“दाखव त्या पाणी सोडणाऱ्याला.”

श्रीपती हसला नाही. तो धारेकडं बघत होता. सात वर्षांत वस्तीतल्या कुणी त्या हौदाला हात लावलेला त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

तीन दिवस हे चाललं. नानासाहेब गावी नव्हते, आणि सही त्यांची असल्यामुळं कुणी अडवलं नाही. चौथ्या दिवशी विहिरीचा तळ दिसला. नानासाहेबांची द्राक्षं गेली. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं, ते पुढं पाऊस झाला तरी निघालं नाही. लोक सांगतात, जलविहार दुष्काळानं बंद पडला. मीही कैक वर्षं तसंच सांगत आलो.

कुलूप घातलं त्याच दिवशी श्रीपतीला ऑफिसात बोलावलं. नानासाहेब चिडलेले नव्हते, थकले होते.

“श्रीपती, तुझ्या पोटावर पाय देणार न्हाय मी. चुकून झालं म्हण. एका कागदावर सही कर, उद्यापासून टाकीवर कामाला ये.” मग माझ्याकडं वळून सांगू लागले, “लिही. मला मराठी नीट समजत नाही. ठरावाचा अर्थ मला कळला नाही. माफी असावी.” आणि श्रीपतीला समजुतीनं म्हणाले, “तुमच्या लोकांचं होतं असं. त्यात लाज कसली?”

मी लिहिलं. घरी चार तोंडं होती त्याच्या. तो सही करील असंच मला वाटलं. करावी, असंही वाटलं.

श्रीपतीनं कागद घेतला. दोनदा वाचला. माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि कागदावर वाकला. ‘नीट’ या शब्दात मी घाईनं पहिली वेलांटी काढली होती. त्यानं ती खोडली, दुसरी काढली. सहीची जागा तशीच ठेवली.

मग पेन मला परत दिलं, खांद्यावरची चावी कागदावर आडवी ठेवली, दाराशी काढलेल्या वहाणा पायात घातल्या आणि निघून गेला.