बाईंची नजर चुकली नव्हती

डॉ. कुमुदिनी सरवटे यांना मी प्रथम पाहिलं ते मुलाखतीच्या दिवशी. टेबलावर एक बशी होती आणि बशीत करडा, टपोरा दाणा. "हे काय आहे?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "एरंडाची बी." तेवढ्यात बी चालू लागली. शेजारचे साहेब हसले, बाई हसल्या नाहीत. "परदेशातल्या एका गोचिडीचं नावच एरंडाच्या बीवरून पडलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट बघितलंत." हडपसरच्या एका गिरणी कामगाराचा मुलगा त्या दिवशी सरकारी नोकरीला लागला. वडिलांनी मला शाईचं पेन घेऊन दिलं. ते पेन पुढे येणारच आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर माझ्याहून जाणते लोक लिहीत आहेत. थोडक्यात सांगायचं तर कोणती गोचीड कोणत्या रानात, कोणत्या जनावरावर असते आणि माणसाला कोणता ताप देते, हे शोधण्यात बाईंनी हयात घालवली. रानात पांढरं कापड गवतावरून ओढत त्या मैलोन् मैल चालायच्या. कापडाला चिकटलेली खसखशीएवढी पिल्लं त्या भिंगाखाली ओळखत. ती नजर आमच्या खात्यात दुसऱ्या कुणाला नव्हती.

माणसांशी त्या तितक्याच अदबीनं वागत. लोणी काळभोरच्या एका गोठ्यात म्हशीच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लोकं दूध न्यायला येत्यात, तुमी गोचिडं न्यायला आलाय व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला नकोच आहेत ना? मग द्या की." पुढे तपासणीत काय निघालं ते सांगायला त्या मुद्दाम पुन्हा तिथे गेल्या. एरवी एवढं कोण करतं!

बाईंचा एक नियम कडक होता. गोचिडींच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून आणायच्या आणि नळीवरची चिठ्ठी शिसपेन्सिलीनंच लिहायची. बर्फाचं पाणी होतं, पाण्यात शाई पसरते. मला हे ठाऊक होतं. पण नवं पेन, वळणदार अक्षर आणि अंगात मस्ती! एका आठवड्यात आम्ही कोकणच्या बाजूचं एक रान आणि लोणीचे गोठे, दोन्ही केलं. डबा उघडला तर बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसते निळे डाग. बाई बैठकीला गेल्या होत्या. मी घाबरलो, कुठली नळी कुठली ते अंदाजानं ठरवलं आणि पेन्सिलीनं नव्या चिठ्ठ्या लावल्या.

बाईंनी पिल्लं ओळखली, नोंद केली. मग नेहमीप्रमाणे विषाणूच्या तपासणीसाठी ती कुटली गेली. रानातली म्हणून माहीत असलेली एक जात लोणीच्या गोठ्यात सापडली, असं त्यातून निघालं. बाईंनी तसा निबंध छापला. इतरांनी लोणी पालथं घातलं, त्यांना ती सापडली नाही. बाई स्वतः दोन हिवाळे तिथले गोठे धुंडाळत होत्या, त्यांनाही नाही. दाखवायला एकही पिल्लू शिल्लक नव्हतं. शेवटी त्यांनी निबंध मागे घेतला आणि कारण लिहिलं, "ओळखण्यात माझी चूक झाली."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नोकरी कायम व्हायची होती, वडील आजारी होते. कारणं काढावी तेवढी निघतात. खरं एवढंच की मी भ्यालो. त्या दिवसापासून बाई भिंगातून पाहून झाल्यावर कुणालाही, अगदी मलाही म्हणत, "जरा तुम्ही बघून घ्या. माझ्यावर विसंबू नका." हे मी वीसेक वर्षं ऐकत आलो आणि दर वेळी मान खाली घालून भिंगात पाहत आलो.

या लेखाचं आमंत्रण आलं तेव्हा मी नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पिल्लं मी बरोबर ओळखली होती."

"होय बाई."

"अहो, हे सांगायला माझी पंचाहत्तरी कशाला लागली तुम्हाला?" आवाज चढला नव्हता. निघताना मी विचारलं, हे छापू का? "छापा. निबंध मी मागे घेतला ते बरोबरच होतं, ती जात लोणीची नव्हती. पण कारण चुकीचं छापलं गेलंय," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या कानातून निघालेली गोचीड बशीत होती. बाईंनी जुनं भिंग डोळ्याला लावलं, क्षणभर पाहिलं आणि जातीचं नाव सांगितलं. सवयीनं मी भिंगासाठी हात पुढे केला. बाईंनी भिंग डबीत ठेवून डबी मिटली.

बाई, आपल्याला उदंड आयुष्य आणि निरोगी डोळे लाभोत. मी बुडवलेली वर्षं त्यात भरून निघणार नाहीत, तरीही लाभोत.